युसूफभाई बोलले, तेव्हा आपण काय ऐकलं?

नटानं नट म्हणून राहावं, बाकीच्या भानगडीत पडू नये, हे वाक्य आपल्याकडं दर दोन-चार वर्षांनी कुणाच्या तरी नावानं ऐकू येतं. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीतल्या एका पुरस्कार सोहळ्यात आमिर खाननं घरात बोलली गेलेली एक काळजी सांगितली. तो ज्या ऑनलाइन कंपनीची जाहिरात करत होता, तिचं ॲप लोक मोबाइलमधून काढून टाकू लागले. २०१८च्या डिसेंबरमध्ये नसिरुद्दीन शाह बुलंदशहरातल्या पोलीस निरीक्षकाच्या हत्येवर बोलले आणि अजमेरच्या साहित्य महोत्सवातलं त्यांचं भाषण रद्द झालं. पुढं २०२१मध्ये तालिबाननं काबूल घेतलं. त्याचा आनंद मानणाऱ्या भारतीय मुस्लिमांना याच नसिरुद्दीन यांनी खडसावलं. मग टाळ्या आणि शिव्यांनी आपापली जागा बदलली. ज्यांना ते काल 'फक्त नट' वाटत होते, त्यांना ते विचारवंत वाटू लागले. ज्यांनी काल त्यांना विचारवंत म्हटलं होतं, त्यातल्या अनेकांना ते फक्त नट असल्याचं आठवलं.

हा प्रकार आपल्याला सवयीचा झालाय. पण त्यातला मूळ प्रश्न खोटा नाही. पडद्यावर दुसऱ्यानं लिहिलेले संवाद म्हणणाऱ्या माणसाच्या बुद्धीची आणि मतांची समाजानं का म्हणून दखल घ्यावी? बँकेतल्या कारकुनाचं किंवा शाळामास्तराचं मत आपण पहिल्या पानावर छापत नाही. मग नटाचं का? माझ्यापुरतं सांगायचं तर चेहरा ओळखीचा आहे एवढ्यानं कुणाचं मत वजनदार होत नाही. पण चेहरा ओळखीचा आहे एवढ्यानं ते हलकंही होत नाही. ते मत तपासावं लागतं. तपासायला माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात चांगलं उदाहरण आहे ते मोहंमद युसूफ खान यांचं. जग त्यांना दिलीपकुमार म्हणतं. आमच्या घरांतली जुनी माणसं आजही 'युसूफभाई' म्हणतात.

आधी विरोधी पक्षाची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे.

१९६२च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईची लोकसभा निवडणूक देशभर गाजली. काँग्रेसतर्फे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन उभे होते. समोर आचार्य जे. बी. कृपलानी. देश स्वतंत्र झाला तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आणि पुढं नेहरूंशी न पटल्यानं पक्ष सोडलेले. बराचसा विरोधी पक्ष कृपलानींच्या मागं उभा राहिला. नेहरूंनी मेननसाठी दिलीपकुमारांना गळ घातली आणि ते प्रचारात उतरले. सभांना गर्दी लोटली. मेनन प्रचंड मताधिक्यानं निवडून आले. फिल्मी सिताऱ्यानं निवडणुकीची गाडी ओढण्याच्या भारतातल्या पहिल्या मोठ्या प्रसंगांपैकी हा एक.

त्यानंतर आठ महिन्यांत, २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. आपल्या जवानांकडं थंडीचे कपडे नव्हते, धड बूट नव्हते, शस्त्रं जुनाट होती. नोव्हेंबरमध्ये मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याची गोष्ट मराठी माणूस अजून अभिमानानं सांगतो. पण ज्या मंत्र्यामुळं हिमालयाला हाक मारावी लागली, तो मुंबईच्याच मतांवर निवडून आला होता, हे सांगताना आपण जरा आवाज खाली आणतो.

पराभवाचं खापर दिलीपकुमारांवर फोडण्याचा वेडेपणा मी करणार नाही. नेहरूंनाही जे दिसलं नाही, ते एका नटाला दिसायला हवं होतं, ही अपेक्षा चुकीची आहे. पण त्या सभांत त्यांच्या मताला जे वजन आलं, ते उसनं होतं. संरक्षण खात्याचा त्यांचा काही अभ्यास नव्हता. नेहरूंवर श्रद्धा होती आणि ती त्यांनी लोकांना वाटली. लोक 'मुगल-ए-आझम'चा सलीम बघायला आले आणि जाताना मेननना मत देण्याचं ठरवून गेले. नटाचं राजकीय मत धोकादायक असतं, असं म्हणणाऱ्यानं हे उदाहरण जरूर द्यावं. मला त्यावर उत्तर नाही.

फळवाल्याचा मुलगा

मग या माणसाची बुद्धी कुठं दिसते? मला ती त्यांच्या तयारीत दिसते.

११ डिसेंबर १९२२ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजाराजवळ त्यांचा जन्म झाला. वडील गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. व्यापारासाठी कुटुंब मुंबईत आलं, काही वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत राहिलं. युसूफ देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये इंग्रजी शिकला, नंतर मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम शाळा आणि खालसा कॉलेज. घरात हिंदको, भोवती पश्तो आणि उर्दू, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर मराठी. वडिलांशी बिनसल्यावर तरुण युसूफनं घर सोडलं ते थेट पुण्याला आला. लष्कराच्या कँटीनमध्ये नोकरी धरली, सँडविचचा स्टॉल चालवला. युद्धाचे दिवस होते. तिथल्या क्लबमध्ये त्यानं ब्रिटिश राजवटीविरुद्ध आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं भाषण ठोकलं. त्यापायी पोलिसांनी उचललं आणि एक रात्र येरवड्याच्या तुरुंगात काढावी लागली. हा प्रसंग त्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितलाय. तेव्हा तो दिलीपकुमार नव्हता. 'ज्वारभाटा' यायचा होता १९४४ला. म्हणजे या माणसाचं पहिलं वादग्रस्त मत प्रसिद्धीच्या आधीचं आहे. पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला येरवड्यावरून जाताना कधीमधी याची आठवण होते.

सिनेमातही त्यांची ओळख गृहपाठ करणारा नट अशीच होती. 'कोहिनूर'मध्ये (१९६०) सतार वाजवण्याचं दृश्य होतं, तर बोटं खोटी दिसू नयेत म्हणून उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडं सतार शिकले. 'गंगा जमुना'साठी (१९६१) पूर्वेकडची गावरान बोली आत्मसात केली, आणि ती अशी की तिकडचा माणूस हा आपलाच गडी समजेल. वर्षाला एखाद-दुसराच सिनेमा घ्यायचा आणि त्यात बुडून जायचं. समकालीन नट दहा-दहा सिनेमे हातावेगळे करत होते, त्या काळात हा माणूस पटकथेचे कागद घेऊन बसायचा. त्याला विद्वत्ता म्हणू नये, त्यांनी स्वतःही कधी म्हटलं नाही. पण माहीत नसलेली गोष्ट आधी शिकून घ्यायची आणि मगच तोंड उघडायचं, ही शिस्त त्यात आहे. मेननच्या प्रचारात ही शिस्त कुठं दिसली नाही. १९९०नंतर ती दिसली, आणि तिथंच माझ्या या लेखाचा मुद्दा आहे.

मंडल आणि मुस्लीम

७ ऑगस्ट १९९०ला पंतप्रधान व्ही. पी. सिंह यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली. उत्तरेत जाळपोळ सुरू झाली. वर्तमानपत्रांत चर्चा होती ती हिंदूंमधल्या उच्च आणि मागास जातींची. मुस्लीम या चर्चेत कुठंच नव्हते, जणू त्यांचा आणि मंडलचा संबंध नाही. खरं तर बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या १९८०च्या अहवालात बिगरहिंदू मागासांसाठी दोन स्पष्ट निकष दिलेले आहेत. एक, जे पूर्वी अस्पृश्य होते आणि नंतर धर्मांतरित झाले ते. दोन, जे परंपरागत व्यवसायावरून ओळखले जातात आणि ज्यांचे हिंदू समव्यावसायिक मागास यादीत आहेत ते. म्हणजे हिंदू तेली मागास असेल तर मुस्लीम तेलीही मागास. इतकं साधं.

महाराष्ट्रात ही गोष्ट जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी उचलली. विणकर, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, खाटीक, शिकलगार, फकीर अशा जमातींना एकत्र करून त्यांनी मुस्लीम ओबीसी संघटना बांधली. विलास सोनवणे यांच्यासारखे डावे कार्यकर्ते, कवी-पत्रकार हसन कमाल अशी मंडळी सोबत होती. आणि या चळवळीच्या व्यासपीठावर येऊन बसले दिलीपकुमार.

नटाला हे कुणी सुचवेल असं काम नव्हतं. मुस्लिमांचा कैवार घ्यायचा तर सोपे विषय पुष्कळ होते. उर्दू, शरियत, बाबरी, जातीय दंगली. या कशावरही बोललं असतं तर मोहल्ल्यामोहल्ल्यात हार पडले असते. त्यांनी उचलला तो असा विषय, ज्यावर आपल्याच समाजातली वजनदार माणसं कपाळाला आठ्या घालत होती. इस्लाममध्ये जात नाही, मग हे जातीचं खूळ कुठून आणलं, असा सवाल होता. उलेमांचा एक वर्ग नाराज होता. सय्यद, शेख, पठाण म्हणवणाऱ्या घरांना वाटत होतं की मुस्लिमांना द्यायचं तर सगळ्यांना द्या, आपल्यात फूट पाडू नका. दुसऱ्या बाजूला हिंदुत्ववादी म्हणत होते की हे मागच्या दारानं धर्माच्या नावावर आरक्षण आहे.

त्यावर चळवळीचं उत्तर असं होतं की, कुराणात जात नाही हे शंभर टक्के खरं, पण मोहल्ल्यात ती आहे. मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, पण सोयरीक जुळवताना बिरादरी विचारतो. समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी १९७३मध्येच भारतीय मुस्लिमांमधल्या जातींवर ग्रंथ संपादित केला होता, पण तो विद्यापीठांच्या कपाटात होता. गावागावातल्या कापूस पिंजणाऱ्याला आणि पान विकणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून आरक्षण मागायचं ते मुस्लीम म्हणून नव्हे, तर धंद्यानं आणि जातीनं मागास म्हणून. राज्यघटना धर्माच्या आधारावर आरक्षण देत नाही, सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपणावर देते. इंद्रा साहनी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ला सर्वोच्च न्यायालयानं २७ टक्के आरक्षण उचलून धरलं, तेव्हा हीच चौकट पक्की झाली.

हा युक्तिवाद बारीक आहे. घोषणेत मावणारा नाही. दिलीपकुमार महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही या संघटनेच्या सभांना गेले, आपल्या मापून-तोलून बोलण्याच्या सवयीनं त्याची बाजू मांडत राहिले. चळवळीत काम केलेल्या जुन्या माणसांशी बोललं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. लोक युसूफभाईंना बघायला यायचे आणि मंडल म्हणजे काय ते कळून जायचे. एरवी मुस्लीम ओबीसींच्या बैठकीला कोण येणार होतं? कलेक्टरनं निवेदन किती मिनिटांत घेतलं असतं? मंत्र्यानं वेळ दिली असती का? या चळवळीत पैसेवाले नव्हते, मौलाना नव्हते, मोठे पुढारी नव्हते. प्रसिद्धी हीच एक गोष्ट बाहेरून आणता येण्यासारखी होती, आणि ती त्यांनी आणून दिली.

एक आपली गंमत म्हणून नोंदवतो. आमच्या महाराष्ट्रात फळं-भाजी विकणारा मुस्लीम म्हणजे बागवान. गुलाम सरवर खानांचा धंदा क्रॉफर्ड मार्केटात फळांचाच होता. पठाणी रक्त आणि बागवानी धंदा! वंशाचा अभिमान बाळगायचा की धंद्याचं दुःख समजून घ्यायचं, हे दोन्ही रस्ते त्यांना मोकळे होते.

१९९४च्या डिसेंबरमध्ये शरद पवारांच्या सरकारनं शासन निर्णय काढला आणि मुस्लिमांमधल्या मागास व्यावसायिक जातींना ओबीसींच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला. हे श्रेय एकट्या दिलीपकुमारांचं नाही, चळवळीचं आहे, ती चालवणाऱ्या अनाम माणसांचं आहे. पण त्या निर्णयानंतर किती बागवान, मोमीन, तांबोळी घरांतल्या मुलामुलींना डी.एड., इंजिनिअरिंग, नर्सिंगच्या जागा मिळाल्या, किती बायका ओबीसी वॉर्डातून नगरसेविका झाल्या, हे कुठल्याही तालुक्याच्या गावी गेलं तर दिसतं. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे की आपल्या दाखल्याचा आणि 'देवदास'चा काही संबंध आहे.

१९९२-९३च्या मुंबई दंगलीत त्यांनी मदतकार्यात स्वतःला झोकून दिलं होतं, ते बऱ्याच जणांना आठवतं. मुस्लीम ओबीसींचं काम मात्र कुणाला आठवत नाही.

गोंगाट कशाचा झाला?

आता वर्तमानपत्रांनी काय लक्षात ठेवलं ते पाहू.

१९९८च्या अखेरीस दीपा मेहतांचा 'फायर' आला. दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट. डिसेंबरच्या सुरुवातीला शिवसैनिकांनी मुंबईत थिएटर फोडलं. राज्यात युतीचं सरकार, मनोहर जोशी मुख्यमंत्री. सिनेमाला संरक्षण मिळावं म्हणून काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यात दीपा मेहता, जावेद अख्तर, महेश भट्ट यांच्यासोबत दिलीपकुमार होते. मग शिवसैनिकांचा जथ्था पाली हिलवरच्या त्यांच्या घरासमोर गेला आणि कपडे काढून, चड्डीवर उभा राहून निदर्शनं केली. त्याचे फोटो छापून आले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या दारात हा तमाशा.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. 'फायर'ची बाजू घेऊन मुस्लीम समाजात दिलीपकुमारांचं एक मतही वाढणार नव्हतं. दोन स्त्रियांचं प्रेम हा विषय आमच्या मोहल्ल्यात नागपाड्यापासून मालेगावपर्यंत कुणाच्या पचनी पडणारा नव्हता. त्यांना स्वतःला तो सिनेमा किती आवडला असेल, याचीही मला शंका आहे. ते कोर्टात गेले ते सेन्सॉरनं पास केलेला सिनेमा दगड मारून बंद पाडू नये, एवढ्यासाठी. याला मी विचार म्हणतो. आवड-निवड बाजूला ठेवून नियमाच्या बाजूनं उभं राहायला डोकं लागतं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पाकिस्ताननं त्यांना 'निशान-ए-इम्तियाज' दिला होता. तेव्हा थोडी कुरबुर झाली आणि थांबली. १९९९च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं, तशी ती पुन्हा उसळली. बाळासाहेब ठाकरेंनी मागणी केली, किताब परत करा. एकेकाळचे हे दोघे स्नेही, एकमेकांकडं बसणं-उठणं असलेले. दिलीपकुमारांच्या निष्ठेवर उघड शंका घेतली जाऊ लागली. मोरारजी देसाईंना १९९०मध्ये पाकिस्तानचा सर्वोच्च नागरी किताब 'निशान-ए-पाकिस्तान' मिळाला होता, पण त्यांच्या देशभक्तीचा दाखला कुणी मागितला नव्हता. मागायला नकोच होता. मग इथं का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. जुलैमध्ये दिलीपकुमार पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींना भेटले. किताब ठेवायचा की परत करायचा हे त्यांनीच ठरवावं, त्यांच्या देशनिष्ठेविषयी शंका नाही, असं वाजपेयींच्या बाजूनं सांगण्यात आलं. किताब त्यांनी परत केला नाही.

या प्रकरणाला पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांनी आपल्या २०१५च्या पुस्तकात एक शेपूट जोडलं आहे. नवाज शरीफ यांच्या तेव्हाच्या प्रधान सचिवाच्या हवाल्यानं ते लिहितात की, कारगिलच्या काळात वाजपेयींनी शरीफना फोन केला, नाराजी व्यक्त केली आणि मग फोन जवळ बसलेल्या दिलीपकुमारांच्या हातात दिला. तणाव वाढला की भारतातल्या मुस्लिमांना घराबाहेर पडणं अवघड होतं, काहीतरी करा, अशा अर्थाचं ते शरीफना बोलले. ही ऐकीव साक्ष आहे, ती तेवढ्याच बेतानं घ्यावी. पण ती खरी असेल तर चित्र मोठं विचित्र होतं. एकीकडं मुंबईत त्यांच्याकडं देशभक्तीचा हिशेब मागितला जातोय आणि दुसरीकडं देशाचा पंतप्रधान त्यांचा आवाज देशाच्या कामासाठी वापरतोय. आणि त्या आवाजात काळजी कुणाची? पुन्हा त्याच मोहल्ल्यातल्या माणसाची.

या तीन गोष्टींपैकी 'फायर' आणि किताबावर रकानेच्या रकाने भरले. मुस्लीम ओबीसींचं काम आतल्या पानावर, तेही जिल्हा आवृत्तीत. म्हणजे नटाच्या मतांकडं फार लक्ष दिलं जातं ही तक्रार अर्धीच खरी आहे. लक्ष त्याच्याभोवतीच्या भांडणाकडं दिलं जातं. जिथं भांडणाला चेहरा मिळत नाही, नुसता अहवाल, निकष आणि शासन निर्णय असतो, तिथं नट असूनही कॅमेरा येत नाही.

मराठीतही हे झालंय. डॉ. श्रीराम लागूंनी परमेश्वराला रिटायर करा म्हटलं, त्यावर गदारोळ झाला. हे मत कान-नाक-घशाचा सर्जन राहिलेल्या, बुद्धिप्रामाण्यावर आयुष्यभर विचार केलेल्या माणसाचं होतं, पण वाद रंगला तो 'नटसम्राट' देवावर बोलला म्हणून. निळू फुले राष्ट्र सेवा दलात घडले, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी गावोगाव फिरले. लोकांनी लक्षात ठेवला तो त्यांच्या पडद्यावरच्या पाटलाचा आवाज. पण या दोघांच्या मतांवर चिडलेल्या माणसानंही त्यांना दुसऱ्या देशाचं तिकीट काढून दिलं नाही. युसूफ खानला ते दिलं गेलं. नटाच्या मताची किंमत ठरवताना आपल्याकडं त्याचं पाळण्यातलं नावही बघितलं जातं. मुस्लीम नटाच्या बुद्धीची चर्चा सुरू व्हायच्या आतच निष्ठेची सुरू होते, आणि मग बुद्धीपर्यंत कुणी पोहोचतच नाही.

जिथं ऐकू नये तिथं

सगळ्या बाबतीत दिलीपकुमार यांचा शब्द प्रमाण मानावा, असं माझं म्हणणं नाही. १९८१मध्ये सायराबानो घरात असताना त्यांनी दुसरा निकाह केला. १९८३मध्ये तो संपला. आत्मचरित्रात ती आपली गंभीर चूक होती असं त्यांनी लिहिलंय. आमच्याकडं हमीद दलवाईंनी १९६६मध्ये सात तलाकपीडित महिलांचा मोर्चा मंत्रालयावर नेला होता, बहुपत्नीत्वाविरुद्ध आयुष्य पणाला लावलं होतं. दिलीपकुमारांसारख्या माणसानं जी मुभा वापरली, तिचे चटके गरीब घरातल्या बायका रोज खात होत्या. स्त्रियांच्या हक्काच्या प्रश्नावर मी युसूफभाईंकडं सल्ला मागायला गेलो नसतो. 'त्यांच्या खासगी आयुष्यात डोकावू नका' असं म्हणणारे त्यांचे चाहते मला भेटतात. खासगी खरं, पण ज्या कायद्याची मुभा घेतली तो खासगी नव्हता.

२००० ते २००६ ते काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. तिथं त्यांनी काही गाजवलं असं त्यांचा भक्तही म्हणणार नाही. त्याआधी १९८०मध्ये मुंबईचे शेरीफ झाले होते, पण ते पद मिरवण्याचं. पदावर असताना त्यांच्या हातून घडलं त्यापेक्षा पदाशिवाय अधिक घडलं.

मेननच्या वेळी त्यांच्यापाशी श्रद्धा होती, अभ्यास नव्हता. दुसऱ्या लग्नाच्या बाबतीत विवेकही हुकला. ओबीसींच्या प्रश्नावर अभ्यास होता, आणि नुकसान सोसायची तयारीही होती. माणूस एकच, चेहरा एकच. म्हणून 'नटाचं ऐकावं का' या प्रश्नाला माझ्याकडं एका शब्दाचं उत्तर नाही. कुठल्या विषयावर, किती तयारीनं आणि स्वतःच्या माणसांची किती नाराजी पत्करून तो बोलतोय, हे विचारल्याशिवाय ते देता येत नाही. त्यातही नाराजीचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या टाळ्या जिथं ठरलेल्या आहेत, तिथं बोलणं सोपं असतं.

७ जुलै २०२१ला दिलीपकुमार गेले. जुहूच्या कब्रस्तानात शासकीय इतमामात दफन झालं. दोन दिवस मी मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, हाताला लागतील ते सगळे मृत्युलेख वाचले. ट्रॅजेडी किंग, मधुबाला, पेशावरची हवेली, किताबाचा वाद. सोशल मीडियावर त्यांनी नाव का बदललं यावर विखार. देविकाराणींनी सुचवलेलं नाव, तेही वडिलांच्या धाकानं स्वीकारलेलं, पण तेही कटात मोडलं. उर्दू अखबारांनी त्यांना मिल्लतचा हिरा म्हटलं. मुस्लीम ओबीसींचा उल्लेख मला दोन-चार ठिकाणीच सापडला, तोही चळवळीतल्याच लोकांनी लिहिलेला. ज्या समाजाला त्यांनी तुझ्यात जात आहे असं तोंडावर सांगितलं होतं, त्या समाजानं ते वाक्य वगळून त्यांची मगफिरत मागितली.

चळवळीचं उरलेलं काम अजून तसंच आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. मुस्लीम हलालखोर आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. २००७मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढायची शिफारस केली, ती धूळ खात पडली. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. या विषयावरच्या एका सभेला मी मध्यंतरी गेलो होतो. मोजून साठ-सत्तर माणसं होती, बातमीदार एक. तोही अध्यक्षांच्या भाषणाआधी उठून गेला, त्याला एका सिनेमाच्या प्रमोशनला पोहोचायचं होतं.